खापर गरम असेपर्यंत

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास गेला की वहीत एक वाक्य उगवतंच: ‘सूर्य आग ओकत होता.’ भाचीच्या निबंधातही ते होतं. मी विचारलं, ‘ओकताना दिसला का गं तुला?’ ती म्हणाली, ‘मामा, असंच लिहायचं असतं.’

‘असंच लिहायचं असतं’ इथेच गोम आहे, आणि मेंदूच्या अभ्यासकांनी ती बऱ्यापैकी पकडली आहे.

उपमा, रूपक म्हणजे भाषेचे दागिने, असं आपण शाळेत शिकलो. दागिना काढून ठेवता येतो. रूपक तसं काढून ठेवता येत नाही. 1982 मध्ये सॅम ग्लक्सबर्ग आणि सहकाऱ्यांनी लोकांपुढे वाक्यं ठेवली आणि प्रत्येक वाक्य शब्दशः खरं की खोटं, एवढंच विचारलं. ‘काही नोकऱ्या तुरुंग असतात’ हे शब्दशः खोटंच. तरी ते खोटं ठरवायला, नुसत्या निरर्थक वाक्यांपेक्षा, लोकांना जास्त वेळ लागला. कुणी मागितला नव्हता, तरी आलंकारिक अर्थ डोक्यात शिरून बसला होता.

तो शिरतो कुठे? 2012 मध्ये अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात हे पाहिलं गेलं. वाईट गेलेल्या दिवसाला इंग्रजीत ‘खडबडीत दिवस’ म्हणतात. असं वाक्य ऐकताना, स्पर्शाने पोत ओळखणारा मेंदूचा भाग जागा झाला. ‘वाईट दिवस’ ऐकताना तसं झालं नाही. प्रयोगात माणसं सातच होती, त्यामुळे त्यावर फार मोठा इमला मी बांधणार नाही. पण आपल्याकडे दिवसभर कापूस वेचून आलेली बाई ‘अंग आंबलं’ म्हणते, तेव्हा ‘थकले’पेक्षा काहीतरी जास्त का पोचतं, याचा धागा इथे सापडतो.

आता गोम. 2011 मध्ये रुत्विक देसाई आणि सहकाऱ्यांनी हाताच्या क्रियांवर बेतलेली रूपकं तपासली. रूपक जितकं ओळखीचं, तितका हालचालींशी निगडित भागांचा सहभाग कमी दिसला. नवं रूपक वाचताना मेंदू जणू हात पुढे करतो. गुळगुळीत झालेलं असेल तर नुसता अर्थ उचलतो आणि पुढे जातो. ‘वाट पाहतोय’ म्हणताना कुणाला वाट दिसते? आग ओकणारा सूर्यही तसाच विझलाय. त्यापेक्षा ‘ऊन होतं’ लिहिलेलं बरं, निदान प्रामाणिक तरी.

हे सगळं बोलत होतो ते ताईच्या ओट्यावर, पुरणाचे मांडे चालू असताना. चुलीवर मातीचं खापर पालथं घातलेलं. ताई पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत वाढवत नेते, मनगटाच्याही पुढे जातो, आणि मग एका झटक्यात खापरावर टाकते. हात आणि खापर यांच्यात उरतं ते बोटभर अंतर. भाची बघत होती. तिने ‘सूर्य आग ओकत होता’ खोडलं आणि लिहिलं: ‘दुपारी आमची गल्ली पालथ्या खापरासारखी झाली होती. पाय टाकायचा तो झटक्यात.’

या वाक्यात ‘झटक्यात’ हा शब्द काम करतो. खापर कधी न पाहिलेल्या वाचकालाही तो पाय उचलायला लावतो. घरातली वस्तू उपमेत आणताना ती कशी वागते तेही सोबत आणावं, नाहीतर वाचकाला नाव तेवढं मिळतं, चटका मिळत नाही. आणि एका परिच्छेदात एकच! खापरानंतर लगेच भट्टी आणि वणवा आले की वाचक कशालाच भाजत नाही.

विझलेलं रूपक पुन्हा पेटतं का, हे मी भाचीला सांगणार होतो. तेवढ्यात एक मांडा मधोमध फाटला आणि ताई माझ्यावर घसरली, ‘तुझ्या बडबडीने फाटला.’

भाचीने वहीत खाली एक ओळ वाढवली आणि माझ्यापुढे धरली: ‘आईने खापर मामावर फोडलं. तेही चुलीवरून नुकतंच उतरवलेलं.’

वाचता वाचता मी दोन बोटं मागे सरकलो.