ओपन ऑफर

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा मोठा हिस्सा किंवा ताबा घेणाऱ्याने इतर भागधारकांचेही शेअर ठरावीक भावाने विकत घेण्याचा दिलेला जाहीर प्रस्ताव. भारतात तो सेबीच्या, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या, अधिग्रहण (कंपनी ताब्यात घेण्याच्या) नियमावलीने बंधनकारक केला आहे. नवा मालक नको असलेल्या छोट्या भागधारकाला रास्त भावात बाहेर पडता यावे, हा त्यामागचा हेतू.

१९८३ मध्ये ब्रिटनमधले उद्योगपती स्वराज पॉल यांनी एस्कॉर्ट्स आणि डीसीएम या कंपन्यांचे शेअर बाजारातून उचलले, तेव्हा सेबीच नव्हती. पहिली नियमावली १९९४ ची, न्या. भगवती समितीच्या शिफारशींवरून दुसरी १९९७ मध्ये आली. त्या काळात १५ टक्क्यांची मर्यादा गाठली की २० टक्क्यांची ऑफर द्यावी लागे. मात्र मावळत्या प्रवर्तकाला (कंपनी उभारणाऱ्या किंवा चालवणाऱ्या मुख्य मालकाला) ‘स्पर्धा न करण्याचा मोबदला’ म्हणून ऑफरच्या भावाच्या २५ टक्क्यांपर्यंत जादा रक्कम देता येई. सामान्य भागधारकाला त्यातला छदामही मिळत नसे. २०११ च्या नियमावलीने ही पळवाट बुजवली.

आता २५ टक्के मतदानहक्क किंवा ताबा मिळाला की किमान २६ टक्क्यांची ऑफर द्यावी लागते. ही नियमावली सुचवणाऱ्या अच्युतन समितीने उरलेले सगळे शेअर घ्यायला लावा, असे सुचवले होते. सेबीने ते मानले नाही. त्यामुळे २६ टक्क्यांहून अधिक शेअर विक्रीला आले, तर प्रत्येकाचे थोडे थोडेच घेतले जातात. बाहेर पडण्याचा हक्क असा अर्धामुर्धाच राहतो. उलट २५ आणि २६ मिळून ५१ होतात, म्हणजे खरेदीदाराचे बहुमत पक्के.

भाव ठरवताना प्रवर्तकाशी ठरलेला दर, आधीच्या खरेदीचे दर, ६० व्यवहार-दिवसांची बाजारातली भारित (उलाढालीच्या प्रमाणात काढलेली) सरासरी वगैरे निकष लावून त्यांतला सर्वांत जास्त धरतात. ऑफर जाहीर झाली की शेअर बहुधा त्याच आकड्याभोवती घुटमळतो. तो वर गेला, तर ऑफरकडे फारसे कोणी फिरकत नाही.

२०१९ मध्ये लार्सन अँड टुब्रोने माइंडट्री या आयटी कंपनीचा सुमारे २० टक्के हिस्सा तिचे मोठे भागधारक व्ही. जी. सिद्धार्थ यांच्याकडून ९८० रुपये दराने घेतला. माइंडट्रीच्या संस्थापकांचा विरोध असूनही ऑफरनंतर ती लार्सनच्या हाती गेली.

एनडीटीव्हीच्या बाबतीत (२०२२) अदानी समूहाची ऑफर २९४ रुपयांची होती. ती संपल्यावर संस्थापक रॉय दांपत्याकडून समूहाने ३४२.६५ रुपयांनी शेअर घेतले. ऑफरनंतर २६ आठवड्यांत वाटाघाटींतून जादा दराने खरेदी केल्यास फरक भरून द्यावा लागतो. त्यामुळे ऑफरमध्ये विकलेल्यांना दर शेअरमागे ४८.६५ रुपये नंतर मिळाले.