फंक्शनचं नाव बदलताना: एलियस ठेवणं वेगळं, डेप्रिकेट करणं वेगळं

टीममध्ये कोणी फंक्शनचं नाव बदललं की रिव्ह्यूमध्ये हमखास लिहिलेलं असतं 'जुनं नाव डेप्रिकेट केलंय', आणि कोड उघडून बघावं तर फक्त एक ओळ, जुनं नाव = नवं नाव. हा नुसता एलियस झाला, म्हणजे त्याच फंक्शनचं दुसरं नाव. दोन्हीत जुना कोड चालत राहतो म्हणून गल्लत होते, पण एलियस गप्प असतो, आणि डेप्रिकेशनचं कामच मुळात सांगणं आहे की हे नाव अमुक व्हर्जनला जाणार, त्याच्या जागी हे वापरा.

पायथनचंच बघा ना. कलेक्शन्स या मॉड्यूलमधले मॅपिंग वगैरे क्लास २०१२ ला, ३.३ व्हर्जनमध्ये, कलेक्शन्स.एबीसी मध्ये हलवले. जुन्या जागेवरून इम्पोर्ट चालूच राहिला आणि प्रत्यक्ष वॉर्निंग यायला २०१८ चं ३.७ उजाडलं, तोवर सगळे बिनधास्त जुनंच लिहीत राहिले कारण चालतंय म्हटल्यावर डॉक्युमेंटेशन कोण उघडून बघतं. मग वॉर्निंग म्हणाली ३.८ ला बंद, नंतर ३.९, आणि शेवटी २०२१ मध्ये ३.१० ला खरंच काढलं तेव्हा बऱ्याच जुन्या लायब्रऱ्या इम्पोर्टलाच आपटल्या. माझ्या मते ती सहा गप्प वर्षंच महागात पडली.

पण एलियस वाईट अजिबात नाही. तुमचं रीनेम मेनमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या मुख्य कोडमध्ये, मर्ज झालं आणि दुसऱ्याच्या ब्रँचवर, म्हणजे त्याच्या वेगळ्या चालू कामात, एका नव्या फाइलमध्ये जुन्या नावाचा कॉल आहे, तर गिटला, म्हणजे कोडचे बदल एकत्र करणाऱ्या टूलला, कॉन्फ्लिक्ट दिसतच नाही, मर्ज सुरळीत होतं आणि नंतर बिल्ड फुटतो. इथे एलियस वाचवतो, उघड्या ब्रँच संपल्या की काढून टाका. काही एलियस तर कायमचेच असतात, नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीत एब्स आणि अ‍ॅब्सोल्यूट दोन्ही चालतात, कोणालाच घालवायचं नाहीये.

बाहेरचे लोक तुमचं फंक्शन वापरत असतील तर मात्र जुन्या नावाचं छोटं रॅपर लिहा, म्हणजे आतून नव्या फंक्शनलाच कॉल करणारं फंक्शन, आत वॉर्निंग्ज.वॉर्न, आणि स्टॅकलेव्हल २ द्याच द्या, म्हणजे वॉर्निंग कॉल करणाऱ्याच्या ओळीवर लागते! नाही दिलं तर वॉर्निंग तुमच्या लायब्ररीच्या ओळीवर लागते, आणि पायथन डिफॉल्टने डेप्रिकेशन वॉर्निंग फक्त थेट चालवलेल्या स्क्रिप्टमधली दाखवतो, बाकीच्या गिळून टाकतो, म्हणजे वापरणाऱ्यासाठी तो परत गप्प एलियसच. आणि आपल्या सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत, ही वॉर्निंग एरर म्हणून लावून ठेवा, आपल्याच कोडमध्ये कुठे जुनं नाव राहिलंय ते रिलीजच्या आधी कळतं.