डायनॅमोडीबीमधलं ऑटो स्केलिंग आणि ऑन-डिमांड, दोन्ही "आपोआप" पण एकच नव्हे

"टेबल ऑटो स्केल होतंय ना, मग कशाला काळजी" हे वाक्य डायनॅमोडीबी, म्हणजे अॅमेझॉनचा क्लाउडवरचा डेटाबेस, वापरणाऱ्या टीममध्ये हमखास ऐकायला मिळतं. बहुतेक वेळा बोलणाऱ्याने दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केलेल्या असतात, एक म्हणजे प्रोव्हिजन्ड मोडवर लावलेलं ऑटो स्केलिंग आणि दुसरी म्हणजे ऑन-डिमांड मोड. दोन्हीत कपॅसिटी, म्हणजे टेबल सेकंदाला किती रीड-राइट झेलू शकतं ते, आपण हाताने वाढवत नाही हे खरंय, पण ती कधी वाढते, कशावरून वाढते आणि पैसे कशाचे कापले जातात हे सगळंच वेगळं आहे, आणि ते माहीत नसलं की नेमका ट्रॅफिक चढला की रिक्वेस्ट थ्रॉटल व्हायला, म्हणजे मर्यादेबाहेरच्या म्हणून नाकारल्या जायला लागतात आणि कोणालाच कळत नाही का.

मोजमाप दोन्हीकडे सारखंच. एक रीड युनिट म्हणजे ४ केबीपर्यंतचं एक स्ट्राँगली कन्सिस्टंट (नेहमी ताजा डेटा देणारं) रीड, इव्हेंच्युअली कन्सिस्टंट (डेटा क्षणभर जुना असू शकतो असं) चालत असेल तर तेवढ्यातच दोन. एक राइट युनिट म्हणजे १ केबीपर्यंतचं एक राइट, आणि आयटम १ केबीच्या जरासा वर गेला तरी दोन युनिट जातात.

आता ऑटो स्केलिंग. हे २०१७ मध्ये आलं. टेबल प्रोव्हिजन्डच असतं, म्हणजे सेकंदाला इतकी युनिट असा आकडा ठरलेला असतो आणि वापरा न वापरा बिल त्या आकड्याचंच येतं. ऑटो स्केलिंग फक्त तो आकडा आपण दिलेल्या किमान आणि कमाल मर्यादेत बदलत राहतं. टार्गेट, म्हणजे ठरलेल्या कपॅसिटीच्या किती टक्के वापर राखायचा ते, २० ते ९० टक्क्यांमध्ये कुठेही ठेवता येतं, बरेच जण ७० वर ठेवतात. पण हे घडतं कसं ते बघा, वापर टार्गेटच्या वर सलग दोन मिनिटं राहिला की क्लाउडवॉचचा (अॅमेझॉनची देखरेख करणारी सर्व्हिस) अलार्म वाजतो, मग स्केलिंगची सर्व्हिस टेबल अपडेट करायला सांगते, मग कपॅसिटी वाढते, म्हणजे ट्रॅफिक चढल्यापासून काही मिनिटं सहज जातात. त्या मिनिटांत टेबल तगतं ते बर्स्ट कपॅसिटीवर, कारण न वापरलेली कपॅसिटी डायनॅमोडीबी ३०० सेकंदांपर्यंतची शिल्लक ठेवतं. छोटा स्पाइक आला आणि काही झालं नाही की सगळे ऑटो स्केलिंगला श्रेय देतात, प्रत्यक्षात तोपर्यंत ते जागंसुद्धा झालेलं नसतं. हीच गैरसमजाची मुळं आहेत असं मला वाटतं.

खाली यायला तर अजून वेळ लागतो. वापर बराच वेळ कमी राहिल्याशिवाय आकडा उतरत नाही, शिवाय एका दिवसात कपॅसिटी जास्तीत जास्त २७ वेळाच कमी करता येते. आणि एक गोष्ट नेहमी राहून जाते ती म्हणजे ग्लोबल सेकंडरी इंडेक्स (टेबलमधला डेटा दुसऱ्या कीवरून शोधता यावा म्हणून ठेवलेली प्रत), त्याची कपॅसिटी वेगळी असते. टेबलला ऑटो स्केलिंगची पॉलिसी लावली आणि इंडेक्सला नाही लावली तर इंडेक्स भरतो आणि मूळ टेबलवरची राइटसुद्धा अडकतात, टेबलची कपॅसिटी मोकळी दिसत असताना.

ऑन-डिमांड २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये आलं. इथे आकडा द्यायचाच नाही, जितकी रीड-राइट केली तितकेच पैसे. अलार्म नाही, टार्गेट नाही. म्हणून लोकांना वाटतं याला मर्यादाच नाही, पण तसं नाहीये. नवीन टेबल सुरुवातीला सेकंदाला ४,००० राइट आणि १२,००० रीड युनिट झेलू शकतं, आणि पुढे ते आधीच्या पीकच्या दुप्पट ट्रॅफिक लगेच घेतं. पण ३० मिनिटांच्या आत त्या दुप्पटच्याही वर गेलात तर थ्रॉटलिंग होऊ शकतं. म्हणजे दोन्ही पद्धती शेवटी झालेल्या ट्रॅफिककडे बघूनच ठरवतात, एक गेल्या काही मिनिटांकडे आणि दुसरी आजवरच्या पीककडे. पुढे काय येणारे हे दोन्हींना ठाऊक नसतं.

बोर्डाच्या निकालासारखा लोड डोळ्यासमोर आणा, वर्षभर शांतता आणि ठरलेल्या दुपारी एक वाजता सगळे एकदम. ऑटो स्केलिंग इथे दोन मिनिटं थांबून अलार्म वाजवेल, तोवर गर्दी दारात. त्यामुळे शेड्यूल्ड स्केलिंग लावून अर्धा तास आधीच किमान आकडा वर न्यायचा. ऑन-डिमांड असेल तर वॉर्म थ्रूपुट (टेबल लगेच झेलू शकेल एवढा ट्रॅफिक) आधीच वाढवून ठेवायचा, ही सोय २०२४ च्या नोव्हेंबरपासून आहे. वेळ माहीत असताना ती सिस्टिमला न सांगणं हा निव्वळ आळस आहे.

आणि एक ठिकाण असं आहे जिथे दोन्ही मोड सारखेच हतबल. टेबलचा डेटा पार्टिशन नावाच्या तुकड्यांत वाटलेला असतो, आणि एका पार्टिशनला सेकंदाला १,००० राइट आणि ३,००० रीड युनिट एवढीच मर्यादा आहे, मोड कुठलाही असो. पार्टिशन की (आयटम कुठल्या पार्टिशनमध्ये जाणार हे ठरवणारं फील्ड) म्हणून नुसती तारीख ठेवली की आजची सगळी राइट एकाच कीवर जाऊन आदळतात, तिकडे थ्रॉटलिंग चालू आणि इकडे अख्ख्या टेबलचा वापर ३० टक्के दिसतोय, मग ऑटो स्केलिंगचा अलार्म वाजणार तरी कशाला. अॅडॅप्टिव्ह कपॅसिटी, म्हणजे गर्दीच्या पार्टिशनला डायनॅमोडीबीने आपोआप जास्त वाटा देणं, थोडी मदत करते, पण एकच आयटम तापला असेल तर तीही नाही. तारखेमागे एखादा सफिक्स जोडून राइट पसरवणं, हे काम आपल्यालाच करावं लागतं.

मग घ्यायचं कुठलं? ट्रॅफिकचा अंदाज नसेल किंवा टेबल नवीन असेल तर ऑन-डिमांड, डोळे झाकून. "ऑन-डिमांड महाग पडतं" हे पूर्वीचं गणित परत करून बघा, कारण २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचे थ्रूपुटचे दर निम्मे झाले. ट्रॅफिक सकाळी हळूहळू चढून रात्री हळूहळू उतरत असेल, रोज तसाच, तर प्रोव्हिजन्ड आणि ऑटो स्केलिंग स्वस्त पडू शकतं. आणि मोड बदलायच्या आधी थ्रॉटलिंगचा ग्राफ वापराच्या ग्राफशेजारी ठेवून बघा, वापर कमी असताना थ्रॉटल होतंय असं दिसलं तर मोडला हात लावू नका, आधी इंडेक्स आणि की तपासा.