कर्करोगाच्या चाचण्या आणि अमेरिकेतील हिस्पॅनिक समाज

कर्करोगावरचे नवे औषध किंवा उपचारपद्धती माणसांवर तपासणाऱ्या चाचण्या, म्हणजेच क्लिनिकल ट्रायल, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश संस्कृतीचे मूळ सांगणाऱ्या, रुग्णांपर्यंत पोहोचाव्यात यासाठीचे कायदेशीर, भाषिक व वस्तीपातळीवरचे प्रयत्न. २०२० च्या जनगणनेत हा समाज ६.२१ कोटी, म्हणजे १८.७ टक्के होता. राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या २०००–०२ मधील चाचण्यांवर २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्तन, फुप्फुस, मोठे आतडे व प्रोस्टेट या कर्करोगांच्या उपचार-चाचण्यांत हिस्पॅनिक रुग्ण ३.१ टक्के आढळले. हा आकडा थेट लोकसंख्येशी ताडणे मात्र बरोबर नाही. समाज वयाने तरुण असल्यामुळे कर्करोगाच्या रुग्णांतही त्याचा वाटा लोकसंख्येच्या मानाने कमी असतो. दर शंभर रुग्णांमागे किती जण चाचणीत गेले, हे माप अधिक भरवशाचे. ते गोऱ्यांत १.८ आणि हिस्पॅनिकांत १.३ भरले.

‘हिस्पॅनिक’ कोणाला म्हणावे, हा वाद जुना आहे. केंद्र सरकारच्या १९७७ च्या निर्देशाने मेक्सिकन, प्वेर्तो रिकन, क्यूबन, मध्य वा दक्षिण अमेरिकी किंवा अन्य स्पॅनिश संस्कृतीच्या व्यक्तीला, वंश कोणताही असो, या गटात धरले. १९९७ मध्ये ‘लॅटिनो’ हा शब्द जोडला गेला आणि २०२४ मध्ये वंश व वांशिकता (हिस्पॅनिक आहात की नाही) हे दोन प्रश्न एकत्र करण्यात आले. पोर्तुगीजभाषी ब्राझीली जनगणनेत सहसा या गटाबाहेर राहतात. ही नोंदणीची सोय आहे. तिला जीवशास्त्रीय गट समजणे धोक्याचे. वंशमूळ महत्त्वाचे ठरते तेथे ते वेगळे मोजावे लागते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांत अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे जनुकीय मूळ जितके अधिक, तितका आजार उलटण्याचा धोका अधिक दिसला; केमोथेरपीचा एक जादा टप्पा दिलेल्या मुलांत मात्र हा वाढीव धोका उरला नाही. ही मुले चाचण्यांतच नसती, तर हे कळले नसते.

सहभाग कमी का, याविषयी दोन मते आहेत. एक मत अविश्वासावर बोट ठेवते, आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. १९७८ च्या माद्रिगाल खटल्यात लॉस एंजेलिसमधील मेक्सिकन वंशाच्या दहा स्त्रियांनी आपल्या नसबंदीविरुद्ध दाद मागितली होती. त्यांतील काहींच्या सह्या ऐन प्रसूतिवेदनांत, इंग्रजी कागदांवर घेतलेल्या होत्या. निकाल स्त्रियांच्या विरुद्ध गेला. दुसरे मत असे की, लोक नाकारत नाहीत, त्यांना विचारलेच जात नाही. २००६ व २०२१ च्या संकलित अभ्यासांचा कौल या दुसऱ्या मताकडे झुकतो. २०२१ च्या पाहणीत चाचणीविषयी विचारणा झालेल्या कर्करोग रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक तयार झाले, आणि अल्पसंख्याक त्यात मागे नव्हते.

विचारणे म्हणजे काय, हे संमतीच्या खोलीत दिसते. संमती रुग्णाला समजेल अशा भाषेत घ्यावी, असा नियम आहे. पूर्ण भाषांतर तयार नसेल तेव्हा संक्षिप्त नमुना चालतो: सगळी माहिती दुभाष्यामार्फत तोंडी सांगायची, दोन्ही भाषा जाणणारा साक्षीदार हजर ठेवायचा. रुग्ण स्पॅनिशमधल्या छोट्या कागदावर सही करतो. त्याला काय सांगितले याचा सारांश म्हणून मूळ इंग्रजी संमतीपत्रच पुष्कळदा वापरतात. घरी नेलेल्या त्या जाड इंग्रजी गठ्ठ्यातले दुष्परिणामांचे पान बायकोमुलांना कोण वाचून दाखवणार? कुटुंबाने मिळून निर्णय घ्यायची रीत असलेल्या समाजात हे व्यंग गंभीर आहे. शब्दही वाट अडवतात. चाचणीसाठीच्या ‘एन्सायो’ या स्पॅनिश शब्दाचा बोलीतला एक अर्थ नाटकाची तालीम असाही आहे. ‘एस्तुदियो’, म्हणजे अभ्यास, हा शब्द त्या मानाने सौम्य.

घरोघर जाऊन समजावणाऱ्या, त्याच वस्तीतल्या ‘प्रोमोतोरा’ या आरोग्यसेविकांचा उगम निश्चित सांगता येत नाही. काही अभ्यासक तो लॅटिन अमेरिकेतील चर्चप्रणीत चळवळीत, तर काही ग्रामीण आरोग्य प्रकल्पांत शोधतात. ग्वातेमालातील चिमालतेनांगोचा प्रकल्प १९६० च्या दशकातला असल्याने दुसरे मत दुर्लक्षिता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ च्या एका संकलनात चिमालतेनांगो आणि आरोळे दांपत्याचे जामखेड ही दोन्ही उदाहरणे शेजारी आली आहेत. रुग्णाला तपासणीपासून उपचारापर्यंत सोबत करणाऱ्या ‘नेव्हिगेटर’ची पद्धत वेगळ्या मुळाची. ती हॅरल्ड फ्रीमन यांनी १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये सुरू केली.

१९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या निधीवरील संशोधनात स्त्रिया व अल्पसंख्याकांचा समावेश बंधनकारक झाला. चाचणीतील नेहमीच्या उपचारांचा खर्च मेडिकेअर ही मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी विमायोजना २००० पासून देते. गरिबांसाठीच्या मेडिकेड या सरकारी विमायोजनेवर मात्र ही सक्ती १ जानेवारी २०२२ रोजी आली. विमाच नसलेल्यांना, त्यांत कागदपत्रे नसलेले स्थलांतरित पुष्कळ, या तरतुदी लागू होत नाहीत.