सोलापूरच्या वीजबिलामागची पंचवीस वर्षे

सोलापूरच्या पूर्व भागात अनेक घरांत खाली माग आणि वर संसार. विजेची बिलेही दोन येतात, खालचे यंत्रमागाच्या दराने, वरचे घरगुती. दोन्ही दरांना मंजुरी देते महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. महावितरण फक्त प्रस्ताव मांडते.

पूर्वी असे नव्हते. १९६० मध्ये स्थापन झालेले वीज मंडळ आणि राज्य सरकार आपसात दर ठरवत, ग्राहकाला आकडा बिलावरच कळे. एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी झालेल्या १९९३ च्या करारातली महाग वीज राज्याच्या गळ्यात पडली, तेव्हा हिशेब बंद दाराआड ठेवण्याची किंमत साऱ्यांना कळली. १९९८ च्या केंद्रीय कायद्याखाली १९९९ मध्ये आयोग आला आणि मंडळाला जाहीर सुनावणीत खर्च मांडावा लागला. बहुतेक शेतीपंपांना मीटर नव्हते, त्यामुळे चोरीची आणि गळतीची वीज शेतकऱ्याच्या नावावर खपवता येत होती. छाननीत गळती तीस टक्क्यांच्या पुढे निघाली. माझ्या मते आयोगाचे सर्वांत मोठे काम हेच.

२००३ चा विद्युत कायदा आला, २००५ मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या, महावितरण त्यांतलीच. त्याच सुमारास भारनियमनाने राज्य हैराण होते. कुठे किती तास वीज जाणार, हे त्या भागातली गळती आणि वसुली पाहून ठरू लागले. नियमित बिल भरणाऱ्याचा मागही शेजारच्या थकबाकीमुळे थांबे आणि कामगाराची त्या पाळीची मजुरी बुडे. हा अन्यायच होता.

इथे नेहमी विचारतात, एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा प्रकल्प आपल्या उशाला, पाणी उजनीचे, मग वीज स्वस्त का नाही? प्रकल्प केंद्राचा असल्याने त्याचा दर केंद्रीय आयोग ठरवतो. वीज ग्रिडमध्ये, म्हणजे सामाईक वीजजाळ्यात जाते आणि महावितरणचे दर राज्यभर एकच असतात.

बिलावरचा स्थिर आकार, वीज आकार आणि वहन आकार (वीज तारांवरून पोहोचवण्याचा खर्च) आयोगाच्या आदेशातून येतात. घरगुती बिलावरचे १६ टक्के वीज शुल्क मात्र राज्य सरकारचा कर आहे, आणि यंत्रमागाची सवलतही सरकारच देते. सवलत घटली तर आयोगाकडे जाऊन उपयोग नाही, मंत्रालयातच भांडावे लागते.

चुकीच्या बिलासाठी ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल. १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय थकबाकीसाठी वीज तोडता येत नाही. बिलांत सतत दाखवलेली नसेल, तर दोन वर्षांपूर्वीच्या थकबाकीसाठीही वीज तोडता येत नाही. सोलापुरात हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

दरवाढीवर हरकत कुणालाही लेखी नोंदवता येते. पण समोर उभे राहून बोलायचे तर आपल्याला वर्षानुवर्षे पुण्याची सुनावणी गाठावी लागली. दिवसाचा रोज बुडवून मागावाला पुण्याला कसा जाणार? यंत्रमागाच्या दराची एक सुनावणी सोलापुरात व्हायलाच हवी.