लहान मुलं पुस्तकं फाडतात, म्हणून कपाटाला कुलूप?

‘पहिली-दुसरीच्या हाती पुस्तकं दिली की फाटतात, कुलपातच बरी’ हा समज निदान बडोद्यात टिकायला नको होता. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावलं आणि पुढे पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरल्या.

पुस्तक फाटतं ते बहुधा मांडणीमुळे. गच्च फळीतून मूल पुस्तकाच्या कण्याच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढतं आणि कणा उसवतो. म्हणून मुखपृष्ठं समोर दिसतील अशी मांडा, जमिनीपासून तीन फुटांच्या आत. भिंतीला आडव्या ताणलेल्या दोऱ्याही चालतात. तीस मुलांना सुरुवातीला ऐंशी-नव्वद पुस्तकं पुरतात. एका वेळी पस्तीसच बाहेर, दर पंधरवड्याला अदलाबदल. घरी मराठी, बाहेर गुजराती बोलणारी मुलं इथे पुष्कळ, तेव्हा दोन्ही मिसळूनच ठेवा.

फाटलंच तर सेलोटेप नको. ती पिवळी पडते, गोंद झिरपून शेजारची पानं चिकटतात. पातळ टिश्यू कागदाची पट्टी, गव्हाची पातळ खळ, दोन्ही बाजूंना बटरपेपर, वर वजन, रात्रभर. पावसाळ्यात मात्र दोन दिवस थांबा. ओल राहिली की बुरशी आलीच.