स्टील गिटारला पेडल कशासाठी आलं?

वागळे इस्टेटच्या गाळ्यांमध्ये पितळेची पट्टी, ॲल्युमिनियमचा चॅनल, लेथवर कातलेला शाफ्ट, सगळं मिळतं. त्यामुळे ठाण्यात घरच्या घरी पेडल स्टील गिटार, म्हणजे तारांवर धातूचा बार फिरवून आणि पायाच्या पेडलने तारा ओढून वाजवायची आडवी गिटार, बनवायची म्हटली तर माल आणि कारागिरी यांवाचून काम अडत नाही. अडतं ते कागदावर. तारा किती, त्या कुठल्या सुरांत लावायच्या आणि कुठल्या पेडलने कुठली तार ओढायची, हे ठरल्याशिवाय पहिलं भोकही पाडता येत नाही. इंटरनेटवर तयार तक्ते आहेत. पण ते तक्ते कुणी एका बैठकीत आखलेले नाहीत. एकेका वादकाच्या अडचणीतून ते साचत गेले आहेत. ती अडचण आपली आहे की नाही, हे आधी पाहिलेलं बरं.

वाद्याचं मूळ हवाई बेटांवर. ओआहू बेटावरच्या लाये गावचा जोसेफ केकुकू याने शाळकरी वयात, १८८०च्या दशकात, गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवरून लोखंड फिरवायला सुरुवात केली, असं मानतात. त्याच्याही आधी होनोलुलूत गॅब्रिएल डेव्हियन नावाचा, भारतात जन्मलेला एक तरुण असंच वाजवत असे, अशी हकिगत सांगितली जाते. आपल्याला ती आवडणारच! १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात हवाईयन संगीत गाजलं, पथकं जगभर हिंडू लागली. १९३२च्या सुमारास रिकेनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’ बाजारात आली. बाजारात आलेली ही पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार म्हणजे मांडीवरची स्टील गिटारच होती.

तोवर वादकांना एक गोष्ट छळत होती. तारांवर फिरवायचा बार, म्हणजे ते लोखंड, सरळ असतो, तो बोटांसारखा दुमडत नाही. पाचव्या घरावर (फ्रेटवर) ठेवला की सगळ्याच तारा पाच घरं चढतात. म्हणजे मोकळ्या तारांत जी कॉर्ड (एकत्र वाजणारा सुरांचा गट) लावली असेल तीच वरखाली सरकते. मेजर लावली तर मेजरच. बार तिरका धरून थोडं साधतं, पण थोडंच. दुसरी वाट मुळात श्रीमंत ट्यूनिंग, म्हणजे मोकळ्या तारांच्या सुरांची मांडणी, निवडण्याची. अमेरिकन वादक जेरी बर्डच्या नावाने ओळखलं जाणारं सी-सिक्स्थ हे त्यातलं सगळ्यांत टिकाऊ. त्याचे सूर आपल्या भाषेत सा ग प ध. भूपाला फक्त रिषभ कमी. सा ग प छेडलं तर मेजर आणि ध सा ग छेडलं तर मायनर, तेही पेडलशिवाय.

इथून दोन फाटे फुटतात. हवाईचे ताउ मो आणि त्यांचं कुटुंब १९४०च्या दशकात कोलकात्यात राहिलं. बंगालमध्ये ‘हवाईयन गिटार’ घरोघरी शिकली जाऊ लागली, मुंबईत व्हॅन शिप्ली आणि हजारा सिंग यांनी ती फिल्मी गाण्यांत आणली. मग ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर थेट रागदारी वाजवली. १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत निघालेल्या रेकॉर्डमुळे ती सर्वदूर ऐकली गेली. आपल्याकडच्या वादकांनी सरळ बारची अडचण सोडवलीच नाही, कारण त्यांना ती जाणवलीच नाही. कॉर्ड नकोच होती. एका तारेवर मींड, बाजूला चिकारी. त्याला बार पुरून उरतो.

अमेरिकेत मात्र कंट्री संगीताला कॉर्ड हवी होती. गिब्सन कंपनीने १९४०च्या आसपास ‘इलेक्ट्राहार्प’ नावाची पेडलवाली स्टील गिटार काढली होती, पण पेडलचा उपयोग एका ट्यूनिंगवरून दुसऱ्यावर जाण्यापुरता होता. पॉल बिग्सबी हा मोटरसायकली आणि कारखान्याचे पॅटर्न बनवणारा माणूस. वागळे इस्टेटमध्ये सहज खपून गेला असता. १९४८ साली त्याने स्पीडी वेस्ट या वादकाला पेडल गिटार बनवून दिली. खरी कलाटणी बड आयझॅक्स या वादकाने दिली. १९५४ साली गाजलेल्या, गायक वेब पीअर्सच्या एका गाण्यात त्याने तारा वाजत असतानाच पेडल दाबलं. एक सूर स्थिर राहिला आणि दोन सूर त्याच्यासमोर चढत गेले. बारला जे जन्मात जमत नव्हतं ते पायाने झालं. आयझॅक्सच्या पेडलमध्ये दोन हालचाली एकत्र होत्या. पुढे बडी एमन्स या वादकाने त्या दोन पेडलांत वेगळ्या केल्या आणि १९६२ साली दोन जादा तारा बसवल्या.

त्यातून आजचं ई-नाइन्थ ट्यूनिंग उभं राहिलं. ई म्हणजे सा धरला तर दहाव्या तारेपासून पहिलीपर्यंत सूर असे: प, कोमल नी, सा, रे, ग, प, सा, ग, नी, रे. शेवटचे नी आणि रे तिसऱ्या तारेच्या गंधारापेक्षा खालचे आहेत. एमन्सच्या त्या जादा तारा त्याच. पहिलं पेडल पंचमाचा धैवत करतं, दुसरं गंधाराचा मध्यम. दोन्ही दाबली की सा म ध, म्हणजे मध्यमावरची कॉर्ड, बार न हलवता. गुडघ्याच्या एका लीव्हरने षड्ज उतरवून शुद्ध निषाद केला आणि दुसरं पेडल दाबलं तर पंचमावरची सेव्हन्थ कॉर्डही (प नी रे म) त्याच घरावर मिळते. तीन मुख्य कॉर्ड एका जागी.

त्यामुळे भावगीतं, नाट्यपदं, जुन्या फिल्मी धून एवढंच वाजवायचं असेल, तर माझ्या मते पेडलच्या नादी लागू नये. आठ तारांचं सी-सिक्स्थ पुरे. गायकाच्या मागे कॉर्ड धरायच्या असतील तर ई-नाइन्थ, आणि तेही दोन पेडल, एक लीव्हर एवढंच.

बनवताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली लांबीची. पोलादी तार कुठल्या सुराला तुटणार हे तिच्या जाडीवर फारसं नसतं, लांबीवर असतं. ई-नाइन्थची तिसरी तार ०.०११ इंचाची, गंधारात ४१५ हर्ट्झ. पेडल दाबलं की ४४०. २४ इंच लांबीवर ती कशीबशी तग धरते. साध्या इलेक्ट्रिक गिटारचं २५.५ इंचाचं माप उचललं तर वरचेवर तुटते. दुसरी सांगाड्याची. पेडल दाबल्यावर ताण वाढून खोकं किंचित वाकतं आणि न ओढलेल्या तारा उतरतात. चौथ्या तारेला ट्यूनर लावावा आणि पेडल दाबून काटा पाहावा. तो ठळकपणे खाली आला तर आधी खोक्याच्या तळाला चॅनल लावून घ्यावा, ट्यूनिंगचं नंतर बघावं. पहिली दोन पेडलं मात्र शेजारीशेजारीच हवीत, एकाच पावलाने दोन्ही दाबता येतील अशी. आडव्या शाफ्टसाठी भोकं चारांची पाडून घ्यावीत, जोडणी दोनांचीच करावी. षड्जाचा रिषभ करणारं तिसरं पेडल पुढे हवंसं वाटलं, तर खोकं पुन्हा उघडावं लागत नाही.